जाड्या आणि टोळाची जोड

आमच्या खेळाच्या मशीनवर आठ गडी होते, आणि त्यातला जाड्या कोणी घेत नसे. मी घ्यायचो. दुकान माझं, मशीन माझं, गडी मी कोणता घ्यावा हे मला शिकवायला कोणी यायचं नाही. तरी यायचे. कॉलेजची पोरं म्हणायची, "आबा, जाड्या सोडा, तो हलत नाही." मी म्हणायचो, "तुम्ही हलता ना, मग झालं."

आमचं घर जळगावात, मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढच्या खोलीत आधी मी सायकलींची पंक्चरं काढायचो. नव्वद साल उलटल्यावर सायकली कमी झाल्या, तेव्हा व्हिडिओ गेमची दोन जुनी मशीनं सुरतेहून टेम्पोत घालून आणली. एकावर गाड्या पळायच्या. दुसऱ्यावर मारामारी. गाड्यांवर माझं मन बसलं नाही. त्यात समोर माणूस नसतो.

मारामारीचा खेळ असा होता. पडद्यावर खाली एक मोठी फळी, वर दोन लहान फळ्या, शेतात राखणीला मचाण बांधतात तशा. त्यावर दोन गडी लढायचे. मार खाऊन कोणी मरत नसे. मार खाल्ला की गडी हलका व्हायचा, म्हणजे पुढचा फटका बसला की जास्त लांब उडायचा. फळीच्या काठाबाहेर जाऊन खाली पडला की एक जीव गेला. प्रत्येकाला तीन जीव. खेळाचं नाव इंग्रजीत होतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही ओढूनताणून, म्हणून नाव काही सांगता येत नाही. त्यावाचून कधी अडलंही नाही. गड्यांची नावं मी ठेवली होती आणि गिऱ्हाईक तीच वापरायचं.

मला हा खेळ जमला तो तालमीमुळे. तरुणपणी एरंडोलकडच्या एका तालमीत मी काही वर्षं माती अंगाला लावली होती. तिथले वस्ताद कुस्ती शिकवण्याआधी जोड बघायला शिकवायचे. कोण कोणाला लागतो, म्हणजे पुरा पडतो, कोण कोणाला लागत नाही. उंच माणसाला बुटक्याची कोणती बाजू जड जाते. पोरं बटणं पाठ करायची आणि जोड बघायची नाहीत, म्हणून हरायची.

उदाहरणार्थ गोफणवाला. तो लांबून दगड मारायचा. पोरं त्याच्यावर धावत सुटायची आणि तोंडावर दगड घ्यायची. मी चालत जायचो. दगड आला की हात आडवा धरून थांबायचं, मग पुन्हा चालायचं. गोफणवाल्याला घाई सुटते. तुम्ही जवळ पोचेपर्यंत तो चुकून उडी मारतो, आणि जवळ आल्यावर त्याच्यापाशी काहीच नसतं. भालेवाली बाई होती, तिच्यापासून एक तर फार लांब राहायचं नाहीतर अगदी अंगाला चिकटायचं. मधलं अंतर तिचं. जाड्यासमोर जाड्या आला तर जो आधी हलेल तो हरतो. चाळीसगावचा एक केळीवाला माझ्यासमोर जाड्या घेऊन बसला होता. तो हलला नाही. मी हललो नाही. वेळ संपली आणि मशीननं दोघांनाही हरवलं. मी पाहिलेल्या चांगल्या सामन्यांत मी तो धरतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जाड्यानं काठाबाहेर जायचं नाही. समोरचा काठावरून उडाला की पोरं त्याच्यामागे हवेत झेपावतात, त्याला अजून एक लाथ घालायला. हलक्या गड्याला ते जमतं, तो उड्या मारत परत येतो. जाड्या गेला की गेला. आपण काठावर उभं राहायचं, मूठ तयार ठेवायची. त्याला यायचंय तर आपल्याकडेच यायचंय.

एवढं सगळं असूनही टोळासमोर जाड्या लागत नव्हता. टोळ म्हणजे हिरवा, किडकिडीत, सतत उड्या मारणारा गडी. हे मला माहीत होतं. तरी मी जाड्याच घ्यायचो.

आता मुद्द्याचं सांगतो. माझी धाकटी मुलगी धुळ्याला दिली होती. लग्नाआधी ती टायपिंगच्या क्लासला जायची. परीक्षा आणि लग्नाची तारीख एकाच आठवड्यात आली, त्यात लग्न झालं आणि परीक्षा राहिली. पुढच्या वर्षी ती आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आठवडाभर आधीच माहेरी आली, तेव्हा क्लासच्या मास्तरांनी निरोप धाडला की परीक्षा आखाजीनंतर महिनाभरात आहे, रोज येऊन हात बसवलास तर पास होशील. ती पास झाली तर कचेरीतल्या जागेला अर्ज करता येणार होता. पोरगी दुसऱ्या दिवसापासून क्लासला जायला लागली. जेवताना ताटाच्या कडेवर बोटं आपटायची. तिची आई म्हणायची, "ताट फुटेल." ती म्हणायची, "स्टीलचं आहे."

अडचण बिबड्यांची होती. आखाजी झाली की ऊन तापतं, आणि घरोघर बायका ज्वारीचं पीठ शिजवून वर्षाचे बिबडे, पापडासारखे, उन्हात घालतात. धुळ्याला माझी विहीण गुडघ्यांनी बसलेली. सून आली तर बिबडे, नाहीतर नाही. म्हणून आखाजीचं जेवण झालं की दुसऱ्याच दिवशी सुनेला घेऊन जायचं, असं व्याह्यांनी आधीच कळवलं होतं.

बाहेरचा माणूस म्हणेल, मग सांगायचं ना व्याह्यांना, महिनाभर राहू द्या म्हणून. तसं होत नाही. आमच्यात मुलीच्या बापानं मुलीच्या सासरकडे काही मागायचं नसतं. ते मागतील ते आपण द्यायचं. मी कोणाकडे काही मागितलेलं नाही, आणि व्याह्यांपासून सुरुवात करणार नव्हतो. बायको म्हणाली, "एक शब्द टाकून बघा." मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "पोरीचं नुकसान होईल." मी म्हणालो, "होऊ नये यासाठी काहीतरी बघतो, पण शब्द टाकणार नाही."

एक वाट होती. आखाजीला आमच्याकडे खेळायची मुभा असते. एरवी पत्त्याला हात लावला तर घरात भांडण, पण त्या दिवशी म्हातारे सुद्धा पत्त्यांचा डाव लावून बसतात. आमच्या घरात त्या दिवशीची एक रीत होती, आणि व्याह्यांकडेही तीच होती: जिंकलेल्यानं त्याच दिवशी एक गोष्ट मागायची आणि घरातल्यांनी ती नाकारायची नाही. खेळात जिंकून मागितलं तर ते मागणं धरत नाहीत. मी ठरवलं की जिंकून मागायचं.

व्याही आणि जावई सकाळच्या बसनं आले. व्याही धिप्पाड, शब्द मोजून बोलणारे, धुळ्यात किराणा दुकान. जावई बापासमोर मान वर करत नसे. पण त्यांच्या गल्लीतही माझ्यासारखंच मशीन होतं आणि जावई त्यावर टोळ खेळायचा, हे पोरीकडून मला कळलं होतं. खापरावरच्या पोळ्या झाल्या, रस झाला. पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं. जेवणानंतर व्याह्यांनी तंबाखू मळायला घेतली आणि म्हणाले, "काढा आता पत्ते."

मी म्हणालो, "पत्ते नको. माझ्या पत्त्यांतली राणी हरवली आहे. पुढच्या खोलीत चला, मशीनवर खेळू. मी आणि जावईबापू."

व्याही हसले. "ते पोरासोरांचं खेळणं? बरं, तुम्हाला हौस शे तर खेळा. जिंकलात तर काय मागाल?"

मी म्हणालो, "पोरगी परीक्षेपर्यंत इथं राहील."

आतल्या दारात बायको आणि पोरगी उभ्या होत्या. पोरीची बोटं थांबली. व्याह्यांनी तंबाखू तोंडात टाकली, थोडा वेळ चघळली.

"आणि हा जिंकला तर?"

"तर तो मागेल ते."

"तो काय मागेल? उद्याची पहिली गाडी मागेल." व्याही खुर्चीत बसले. "खेळ तर खेळ. चालू द्या."

पोरगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आबा, ते टोळ घेतील. तुम्ही आज तरी गोफणवाला घ्या."

"मी जाड्या घेणार."

"मग मी आत्ताच पेटी भरते."

"भर. पोरीची जात, पेटी भरायला वेळ लागतो. तोवर मी खेळ उरकतो."

गल्लीतली चारदोन माणसं खिडकीशी जमली. मी कॉइन टाकलं. जावयानं टोळ घेतला, मी जाड्या.

सुरुवात माझ्या मनासारखी झाली. मी मधे उभा राहिलो. टोळ उड्या मारत आला, एक फटका मारून गेला, पुन्हा आला, माझ्या हातात सापडला. मी त्याला धरून काठाकडे फेकला. तो काठाबाहेर गेला, उडी मारून परत आला तो थेट माझ्या मुठीवर. पडला. पहिला जीव गेला. खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "वा आबा!" बायकोनं पदर कमरेला खोचला, जणू तिलाच खेळायचं होतं.

दुसऱ्या जिवालाही तेच. टोळ काठाबाहेर, आणि परत येताना त्याच बाजूनं, त्याच उंचीवर, माझ्या मुठीवर. दुसराही गेला. माझे तिन्ही शाबूत होते.

तेव्हा माझा हात मशीनच्या दांडीवरून सुटला. मी सोडला. टोळानं यायच्या दोन वाटा असतात, एक खालून काठाला लटकून, एक वरून लहान फळीवर बसून. नवशिकी पोरं सोडली तर कोणी सलग दोनदा मुठीवर येत नाही. आणि हा नवशिका नव्हता. पहिल्या दोन फटक्यांतच मला त्याचा हात कळला होता, सुरेख हात.

मी म्हणालो, "जावईबापू, थांबा."

त्यानं दांडी सोडली. पडद्यावर टोळ एकटाच उभा राहून श्वास घेत होता.

"माझ्या दुकानात कोणी मुद्दाम पडत नाही."

"तसं नाही आबा," जावई म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

"मग कसं?"

व्याही खुर्चीत पुढे सरकले. "मुद्दाम? कोण मुद्दाम पडलं?"

आतून पोरगी म्हणाली, "आबा, गुमान खेळा ना!" तिची आई तर थेट देवालाच हाक मारून म्हणाली, "जिंकता येतंय तर जिंकून घ्या हो!"

मला जिंकायचं होतं. पण तालमीत आम्ही एकदा ठरवून केलेली कुस्ती पाहिली होती. वस्तादांनी दोघांनाही अंगावरची माती पुसू न देता बाहेर काढलं होतं, जिंकलेल्याला आधी. मी मशीनची मागची वायर ओढली. पडदा काळा झाला. मग पुन्हा लावली.

"पहिल्यापासून," मी म्हणालो. "आणि नीट खेळलात तर मी पाणी पाजीन, नाहीतर तसेच धुळ्याला जा."

खिडकीतली माणसं हसली. व्याही हसले नाहीत. ते मुलाकडे बघत होते. म्हणाले, "ऐकलं ना? नीट खेळ. नाक कापू नको."

बापानं सांगितल्यावर मग तो नीट खेळला. तो खेळ मी आजही पडद्यावर बघतो तसा बघू शकतो. टोळ एकदाही मुठीवर आला नाही. लहान फळीवर बसायचा, मी खाली वाट बघायचो, तो माझ्या पाठीमागे उतरायचा. मी वळेपर्यंत फटका आणि पुन्हा वर. एक जीव त्याचा गेला, एक माझा. मग दोघांचा एकेक. शेवटचा जीव दोघांकडे, आणि तेव्हा माझा एक चांगला फटका बसला. टोळ काठाबाहेर लांब उडाला.

खिडकीतून ओरडा झाला, "आबा, जा मागे! जा!"

मी गेलो नाही. जाड्यानं काठाबाहेर जायचं नसतं. काठावर उभा राहिलो, मूठ तयार.

जावयाला ते ठाऊक होतं. तो घाईनं वर आला नाही. खाली काठाला लटकून राहिला. मला वाटलं आला, मी मूठ मारली, ती वाऱ्यात गेली. मूठ परत येईपर्यंत तो वर होता. एक लाथ. जाड्या काठाबाहेर गेला, आणि आधीच सांगितलं तसं, गेला तो गेला.

गाड्यांचं मशीन तेवढं एकटंच घुरघुरत होतं. पोरगी दारातून आत वळली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

व्याही उठले, मुलाच्या पाठीवर थाप मारली. "जिंकलास भो. माग आता. पहिली गाडी माग."

जावई मशीनकडे तोंड करूनच उभा राहिला. हात अजून दांडीवर. मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही. मग तो बापाला म्हणाला, "नाना, परीक्षा होऊ द्या."

"कोणाची परीक्षा?"

व्याह्यांना माहीत होतं कोणाची. पण आमच्याकडे पोरगा बापासमोर बायकोचा विषय काढत नाही. मी स्वतः कधी काढला नाही. माझा बाप गेला तेव्हा मला चार पोरं होती आणि तोवर बापासमोर मी बायकोला हाक मारलेली नव्हती. मी जिंकलो असतो तर या पोराला तोंड उघडावं लागलं नसतं. आता मला कळलं की तो मुठीवर का पडत होता. मला मान द्यायला नव्हे. स्वतःचं तोंड वाचवायला. तरी मी केलं ते बरोबरच केलं.

"हिची," तो म्हणाला, आणि आतल्या दाराकडे बोट केलं, बघितलं नाही. "परीक्षा झाली की मी स्वतः येऊन घेऊन जाईन."

"आणि बिबडे?"

"मी घालतो."

"तू?"

"पीठ मी घोटतो. आई सांगेल तसं. गच्चीवर पसरायचे तर पसरतो."

खिडकीतली माणसं आता उघडपणे हसायला लागली. एकजण म्हणाला, "टोळ बिबडे घालणार!" जावई मान खाली घालून उभाच. आत पेटीचं झाकण पुन्हा वाजलं, या वेळी बंद झाल्याचं.

व्याह्यांनी दारात जाऊन तंबाखू थुंकली. मग म्हणाले, "जिंकला शे, मागितलं शे. नाही कसं म्हणू." मुलाकडे वळून म्हणाले, "पीठ जळालं तर तुझ्या आईला तोंड तूच दाखव."

मग ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "व्याही, तुम्ही मुद्दाम हरलात. मी ओळखलं."

मी म्हणालो, "अजिबात नाही."

"समोर एकटा होता, काठाबाहेर गेला होता. बठ्ठे लोक ओरडत होते, जा म्हणून. तुम्ही गेला नाहीत."

"जाड्या जात नाही."

"बरं बरं," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी त्याआधी कधी ठेवला नव्हता. मी लगेच कॉइन काढलं आणि तिसरा सामना लावा म्हणालो. बायकोनं माझ्या हातातून कॉइन घेतलं आणि पदराला बांधलं. त्या दिवसापासून धुळ्यात आमचे सगळे सोयरे मला मोठ्या मनाचा माणूस समजतात. मी जमेल तिथं ते खोडून काढतो. कोणी ऐकत नाही.

परीक्षेच्या दिवशी जावई पहाटेच्या बसनं आला. हातांना फोड होते. मी विचारलं नाही. तिघं मिळून परीक्षेच्या शाळेपर्यंत गेलो. पोरगी आत गेली, आम्ही दोघं बाहेर कडुनिंबाखाली उभे राहिलो. थोड्या वेळानं खिडक्यांतून सगळी टाइपरायटरं एकदम सुरू झाली, पत्र्यावर गारा पडाव्यात तशी.

जावई म्हणाला, "आबा, एक सांगू? त्या दिवशी तुम्ही एकदा तरी काठाबाहेर आला असतात तर मी मेलो असतो. मी बेफिकीर लटकलो होतो. तुम्ही येणार नाही, हे पक्कं होतं."

"मग तुम्ही बरोबर खेळलात."

"तेच म्हणतो. टोळासमोर जाड्यानं कधीतरी बाहेर यायला पाहिजे. रोज नाही. वर्षातून एकदा. समोरच्याला माहीत नसावं, कधी ते."

मी विचार केला. गोष्ट खरी होती. मी म्हणालो, "टोळासाठी जाड्यानं स्वभाव बदलायचा का?"

आत गारा चालूच होत्या. त्यातलं आमच्या पोरीचं यंत्र कोणतं, ते मला कळत नव्हतं. जावई कान देऊन ऐकत होता. म्हणाला, "ती डावीकडून तिसरी खिडकी. थांबून थांबून वाजतंय ते."

मी म्हणालो, "आपली थांबत नाही. तिच्या शेजारचं असेल."

आम्ही दोघं पुन्हा ऐकू लागलो.